एक मण साडेतेरा शेर

गिरणीमागे कोंड्याचा ढीग कोणी मुद्दाम घालत नाही. धान भरडलं जातं, तांदूळ ज्याचा तो घेऊन जातो, आणि कोंडा आपला साचत राहतो. किश्शांचंही तसंच असतं. आमच्या गल्लीत घरं सहा, आणि पलटणीतून आलेली माणसं तीन. त्यातला एक जाडा, एक वाळका आणि एक स्वयंपाकी. मग ढीग होणारच.

मी लोकांच्या घरात फार डोकावते असं गावात म्हणतात. ते खोटं आहे. माझ्या आणि शेजारच्या सीताबाईच्या घरामधली भिंत कुडाची आहे, म्हणजे बांबूच्या काड्या आणि वरून मातीचं लिंपण. एका जागचं लिंपण पडलंय, आणि नेमकं तिथेच माझं जातं आहे. दळायला बसलं की डोळे कुठे तरी ठेवावेच लागतात.

शिवाय मी चौथी पास. गल्लीत कोणाचाही कागद आला की वाचायला माझ्याकडे येतो. तेव्हा मला जे कळतं ते लोकच आणून देतात.

* * *

जाडे म्हणजे सुभेदार गोविंदराव. ते आधीच्या मोठ्या लढाईतले. पेन्शनीत निघाल्याला वीस वर्षं झाली, तरी दर दसऱ्याला पेटीतून पलटणीचा कोट काढतात आणि तो घालून गावभर सोनं वाटतात.

पहिल्या वर्षी कोटाची सगळी बटणं लागली होती. पुढच्या वर्षी खालचं राहिलं. मग दर दसऱ्याला एकेक बटण पेन्शनीत निघत गेलं. आता फक्त गळ्याशी एक लागतं आणि बाकीचा कोट दोन्ही बाजूंनी पडद्यासारखा उघडा राहतो.

एकदा मी विचारलंच. तर म्हणाले, कपडा विलायती आहे, विलायती कपडा धुतला की आकसतो.

त्यांच्या बायकोला आम्ही सुभेदारीण म्हणतो. ती सुपातले खडे वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "वीस वर्सांत त्याले पाणी लागलं नाही जी."

पलटणीत असतानाही पोटाचा प्रश्न होताच म्हणे. त्यांच्या साहेबाने हुकूम काढला होता की गोविंदरावांनी रोज सकाळी मैदानाला दहा चकरा मारायच्या. महिन्याने वजन केलं तर चार शेर वाढलेलं! साहेबाने चौकशी लावली. मैदानाचा एक कोपरा लंगरखान्याच्या दारावरून जात होता, आणि दर चकरीला सुभेदारांच्या हातात एक रोटी येत होती. साहेबाने सुभेदारांना काही केलं नाही. मैदान बदललं.

* * *

स्वयंपाकी म्हणजे तुळशीराम. पलटणीच्या स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात, तो नऊ वर्षं लांगरी होता. त्याच्या हाताला ऐंशी माणसांचं माप बसलेलं.

त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा घरी तो, म्हातारे आईबाप आणि एक भाऊ, अशी चार माणसं उरली. तुळशीरामने पहिल्या दिवशी खिचडी केली. दुपारी गल्लीतली सहाही घरं जेवली. संध्याकाळी तळ्याकडची घरं जेवली. दुसऱ्या दिवशी बैल जेवले.

मी त्याला समजावलं की बाबा, माप कमी कर. तो म्हणाला, ऐंशी माणसांना मीठ चार मुठी लागतं, तर चौघांना किती, हे मला कोणी शिकवलंच नाही. मी हिशेब करून सांगितला. मुठीचा पाचवा भाग. त्याने आपल्या मुठीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "मावशी, त्यापेक्षा आणखी शहात्तर माणसं बोलावणं सोपं हाये."

एवढं असून तुळशीराम स्वतः काटकुळा. मी म्हटलं, लांगऱ्याने असं कसं राहावं? तर म्हणाला, नऊ वर्षांत आपल्या हातचं एकदाही खाल्लं नाही. मी विचारलं काऊन? म्हणाला, "मले त्यात काय काय हाये ते मालूम होतं ना."

* * *

आता वाळका. तो म्हणजे सीताबाईचा दशरथ.

लढाई संपली त्याच्या पुढच्या साली, मार्गशीर्षात, तो लहान रेल्वेगाडीने अर्जुनीला उतरला. साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत होता. तिकडून सुटला, दवाखान्यात राहिला आणि मग घरी पाठवला. त्याच्यासोबत इंग्रजीत एक कागद होता आणि कोणी तरी त्याच्यामागे हिंदीत त्याचा अर्थ लिहिला होता, म्हणून मला वाचता आला. अर्थ असा होता की जवानाला तीन महिन्यांची रजा देण्यात येत आहे. तेवढ्यात त्याने आपलं वजन एकशे दहा पौंड करावं आणि छावणीच्या दवाखान्यात हजर व्हावं. वजन भरलं तर नोकरी राहील. नाही भरलं तर नाव कटेल.

दशरथला शेत नाही. बाप लहानपणीच गेला, सीताबाईने दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणी-कापणी करून त्याला वाढवला. नोकरी होती तेवढीच.

पण पौंड म्हणजे किती? सुभेदार म्हणाले, चला गिरणीत. धानगिरणीत मोठा काटा टांगलेला असतो, एका पारड्यात पोतं आणि दुसऱ्यात लोखंडी वजनं. पोत्याच्या जागी दशरथ बसला. मुनीमजींनी वजनं चढवली आणि सांगितलं, एक मण तीन शेर. मग कागदावर आकडेमोड करून म्हणाले की एकशे दहा पौंड म्हणजे एक मण साडेतेरा शेर. साडेदहा शेर कमी.

काटा मोकळाच होता म्हणून सुभेदारही बसले. आधी जोडा काढून बसले, मग पागोटं काढून बसले, मग म्हणाले श्वास सोडून बसतो. प्रत्येक वेळी दोन मण अकरा शेरच. मुनीमजी म्हणाले, "सुभेदारसाब, आप में से इसको थोडा दे दो."

माझंही वजन झालं. ते इथे लिहिण्याचं कारण नाही.

* * *

सुभेदारांनी मोहीम हाती घेतली. टाइमटेबल झालं. सकाळी पाटलांकडून दूध, मग आमच्याकडून तिळाचे लाडू, दुपारी सीताबाईच्या घरचा भात आणि त्यावर सुभेदारणीकडचं वरण, तिसऱ्या प्रहरी तुळशीरामकडचे मासे. तुळशीरामला सक्त ऑर्डर होती की एकाच माणसाचे मासे करायचे. तो पातेलंभर आणायचा आणि म्हणायचा, एकाचेच हायेत.

हे सगळं सुभेदार स्वतः समोर बसून तपासत. प्रत्येक पदार्थ आधी थोडा चाखून पाहत, कारण आजारी माणसाला काहीही कसं देणार?

महिन्याने पुन्हा काटा. दशरथ एक मण साडेतीन शेर. म्हणजे अर्धा शेर वाढला. सुभेदार तीन शेर वाढले. पाटील दूध घेऊन येत आणि बोलत बसत, ते दीड शेर. मी, समजा, वाढले.

सुभेदार काट्यावरून उतरले आणि म्हणाले, "एकूण पलटण तगडी होत आहे. जवान मागे पडला, एवढंच."

* * *

माघात पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. गल्लीतल्या पोरांनी वाढायचं असतं, तसं दशरथच्या हातात बुंदीची बादली दिली. ही चूक मोठी झाली.

लग्नात बुंदी वाढायची म्हणजे मूठ भरून घालायची, पाहुण्याने नको नको म्हणत ताटावर हात आडवा धरायचा आणि आपण त्याच्या बोटांमधून आणखी घालायची. दशरथने घरातून एक वाटी आणली. बुंदी वाटीत भरायचा, बोटाने वाटीचं तोंड सपाट करायचा, वरची सांडलेली परत बादलीत टाकायचा आणि ताटात उपडी करायचा. पुढचं ताट. पुन्हा वाटी, पुन्हा बोट.

नवरदेवाचा मामा भारी माणूस. त्याने आणखी मागितली.

"तुमची झाली जी," दशरथ म्हणाला.

मामाला वाटलं गंमत आहे. त्याने पुन्हा ताट पुढे केलं. दशरथ तिथेच उभा राहून शांतपणे म्हणाला, "मागं अजून एकशे चौदा लोक हायेत."

मामा ताटावरून उठायला निघाला. पाटलांनी त्याचे पाय धरले, सुभेदारांनी खांदे धरले आणि पुन्हा बसवला. तेवढ्यात कोणी तरी दशरथच्या हातातली बादली ओढायला गेलं, तर त्याने ती पोटाशी अशी धरली की सोडवेना. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्या माणसाने हात काढून घेतला.

पंगती संपत गेल्या. शेवटची पंगत आम्हा बायकांची. दर लग्नात आमच्या वाट्याला वरणाचा तळ आणि बुंदीचा वास येतो. त्या दिवशी दशरथ वाटी घेऊन आला आणि प्रत्येकीच्या पानात सपाट वाटी उपडी करत गेला. शेवटच्या बाईलाही तेवढीच. मी वयाची पंचेचाळीस वर्षं लग्नं जेवतेय. शेवटच्या पंगतीत बुंदी आलेली पहिल्यांदा पाहिली.

त्या साली तीन वधूमायांनी दशरथला वाढायला बोलावणं केलं. वरपक्षांनी त्याला मनाई केली.

दशरथला मात्र त्या दिवशी मी जेवताना पाहिलं नाही. बादलीत शेवटची एक वाटी उरली होती, ती कोण्या पोराने मागितली आणि याने दिली.

* * *

खरं काय आहे ते तुळशीरामने काढलं. आम्ही सगळे अंदाज बांधत होतो. सुभेदार म्हणत जंत आहेत, सुभेदारीण म्हणे नजर लागली. तुळशीरामने त्याला ओट्यावर बसवून एकच विचारलं, तिकडे तुमचा लांगरी कोण होता?

दशरथ म्हणाला, मीच. रांधायला काही नव्हतं, पण वाटायला मी होतो. झोपडीत सात जण. दिवसाला एक डबा भात मिळायचा. बांबूच्या काडीने सपाट करून त्याचे सात वाटे करायचे. एक दाणा इकडे-तिकडे झाला तर भांडणं व्हायची. म्हणून सगळ्यांनी कायदा केला होता की वाटणारा शेवटी घेईल. सगळे आपापला वाटा उचलतील आणि जो उरेल तो वाटणाऱ्याचा. मग तो मुद्दाम कमी-जास्त करणार नाही.

तुळशीराम विचारात पडला. म्हणाला, "अजब कायदा. आमच्याकडं वाटणारा पहिले खात होता."

दशरथने पुढे सांगितलं की आता हाताला तीच सवय राहिली. समोर भात आला की वाटे पडतात. सगळ्यांचं झाल्याशिवाय घास वर जात नाही. दुसऱ्याचं राहिलं असेल असं वाटतं.

तुळशीरामने त्या सहा जणांचं विचारलं. दशरथ म्हणाला, "दोन आले."

त्या दिवशी तुळशीरामने माशांचं पातेलं घरी परत नेलं आणि पहिल्यांदा आपल्या हातचं खाल्लं, असं त्याच्या बायकोने मला सांगितलं.

* * *

हे कळल्यावर मला कुडातून दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ लागला.

रोज दुपारी काय व्हायचं, तर सीताबाई भात उतरवायची. ताट करायची. दशरथ म्हणायचा, "माय, तुझं घे." ती म्हणायची, "तुझं होऊ दे, मंग घेतो." तो म्हणायचा, "नाही, तू घे आधी." ती म्हणायची, "असं कुठं असते का?" मग दोघं गप्प. भाताचं गंज, म्हणजे पातेलं, मध्ये, एक इकडे, एक तिकडे. माझी पायली दळून व्हायची तरी दोघं तशीच.

तिच्या जन्मात तिने कधी कोणाच्या आधी घास घेतलेला नाही. सासरी शेवटी जेवली, नवऱ्याच्या मागून जेवली, पोराच्या मागून जेवली. आता तिच्याही मागून जेवणारा घरात आला. दोघांचा कायदा एकच, त्यामुळे घरात पहिला जेवणारा कोणीच नाही.

शेवटी कधी तरी तो दोन घास खायचा, ती दोन घास खायची, आणि उरलेला भात संध्याकाळच्या आंबिलीत जायचा.

तळ्यावर धुणं धुताना मी सीताबाईला म्हटलं, अवो, असं केलं तर त्याचं वजन कसं भरायचं? होळीला महिनाच राहिला.

ती लुगडं आपटत होती. ते थांबवून म्हणाली, "भरलं तर त्याले पलटण नेईन. नाही भरलं तर देव नेईन. मी कोणता घास वाढू, तूच सांग."

मला चौथीपर्यंत हे शिकवलेलं नव्हतं. मी माझं धुणं पिळलं.

* * *

तोड मात्र मीच काढली. सांगते याचा अर्थ बढाई मारते असा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरात गेले आणि सीताबाईच्या हातून डाव काढून घेतला. म्हटलं, आजपासून वाढणार मी. वाटणारी मी, म्हणून शेवटी मी. पाहुणी मी, म्हणून माझ्या आधी घरच्यांनी जेवायचं. तुम्ही दोघं समोरासमोर बसा.

सीताबाई पोरासोबत एका पंगतीला बसायला लाजली. दशरथने माझ्याकडे पाहिलं, डावाकडे पाहिलं. मी डाव भरून बोटाने सपाट केला. मग तो बसला.

पहिल्या दिवशी निम्मं ताट गेलं. आठवड्याने पूर्ण ताट. मग दुसरा भात मागायला लागला. मी रोज शेवटी तिथे जेवायचे आणि घरी येऊन पुन्हा जेवायचे, कारण घरी कोणी विचारलं तर काय सांगणार? त्यापायी माझं जे झालं ते काट्याला माहीत आहे.

होळीच्या आदल्या दिवशी गिरणीत दशरथ पारड्यात बसला. मुनीमजींनी एक मण चढवला, तेरा शेर चढवले, अर्धा शेर चढवला, तरी पारडं खालीच. आणखी अर्धा शेर लागला. सुभेदारांनी सलाम ठोकला. तुळशीरामने ऐंशी माणसांचा शिरा केला आणि तो पुरला नाही.

सीताबाईने काट्याला हात जोडले आणि घरी गेली.

* * *

छावणीत हजर व्हायला दशरथ निघाला. सीताबाई सोबत जाणार होती. तिला एकटीला इतक्या लांब कसं पाठवायचं म्हणून मीही निघाले. दशरथ होता, ते खरं आहे.

दवाखान्यातले डॉक्टर कप्तान तरुण होते. मद्रासकडचे असावेत, त्यांची हिंदी आमच्याइतकीच मोडकी. दशरथ यंत्रावर उभा राहिला. एकशे बारा पौंड. डॉक्टरांनी जुना कागद पाहिला, दशरथला पाहिलं आणि विचारलं, इतकं कोणी खिलवलं? दशरथने दाराकडे बोट दाखवलं. दाराच्या चौकटीला धरून सीताबाई उभी होती.

डॉक्टर तिला बसा म्हणाले. साहेबासमोर ती बसेना. मग त्यांनी तिला यंत्रावर उभं राहायला सांगितलं. तिने आधी यंत्राला नमस्कार केला आणि चढली.

काटा अठ्ठ्याहत्तरवर थांबला. डॉक्टरांनी यंत्र हलवून पाहिलं. अठ्ठ्याहत्तरच.

"मांजी, खाना खाती हो?"

"खातो ना जी. सगळ्यांचं झाल्यावर."

"सब मतलब कौन?"

तिने दशरथकडे पाहिलं. "हा."

मी म्हटलं, असं कसं, मी स्वतः हिला रोज वाढत होते, ताट रोज साफ होतं. आणि बोलता बोलता थांबले. दशरथही माझ्याकडे पाहत होता. म्हणाला, मावशी, माझ्या ताटातला भात संपतच नव्हता, मला वाटे तुम्ही मधेमधे घालता. आणि इकडे मला वाटे हा सावकाश जेवतो. महिनाभर मी समोर बसले होते आणि सगळा वेळ याच्याच ताटाकडे पाहत होते.

दशरथ आईच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"माय, तू वाट्यात चोरी केली."

ती यंत्रावरून उतरली.

"तिकडं याले सजा होती."

डॉक्टरांनी विचारलं काय म्हणतो? दशरथने सावधान उभं राहून रिपोर्ट दिला, "साहेब, चोरी पकडी गई."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग बसून नवीन कागद लिहिला. त्यांच्या बाबूने तो आम्हाला वाचून दाखवला. जवानाला आणखी तीन महिन्यांची रजा. आईचं वजन पंच्याण्णव पौंड करावं. तिला सोबत घेऊन यावं, तिचं वजन भरलं की त्याच दिवशी जवानाने कामावर रुजू व्हावं.

सीताबाईने बाबूला ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

* * *

त्या तीन महिन्यांत डाव दशरथच्या हातात गेला. तो आईसमोर बसायचा आणि ती जेवेपर्यंत तिच्या ताटावरून नजर काढायचा नाही. मी त्याच्या ताटावर नजर ठेवायचे. चोरीला जागा नव्हती. सीताबाई जेवू लागली, आणि तिचे गाल भरले तेव्हा कळलं की तिला गाल होते.

ज्येष्ठात, निघायच्या तीन दिवस आधी, आम्ही तिला गिरणीत नेलं. पंच्याण्णव पौंड म्हणजे एक मण सहा शेर. तिच्या बाजूचं पारडं खाली गेलं. एक मण सहा शेर आणि वर पाव शेर. मुनीमजी म्हणाले, पास.

दशरथने त्या दिवशी पेटी भरली. सीताबाई त्याचे कपडे घडी करून देत होती. एक सदरा घडी करता करता मला कुडापलीकडून म्हणाली की उद्यापासून तिचा उपास आहे.

मी विचारलं, कोणता?

"मोठा हाये," ती म्हणाली.

पंचांग माझ्याकडे असतं. मी ते उघडलं नाही. तीन दिवस तिने पाण्यावर काढले. दशरथ डाव घेऊन समोर बसायचा, ती म्हणायची देवाचं आहे, आणि देवाच्या पुढे त्याचा कायदा चालत नव्हता.

छावणीत ती यंत्राला नमस्कार करून चढली. डॉक्टर वाकले.

"चौरानबे. एक पौंड कम."

"हो जी," सीताबाई म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. मग दशरथच्या भरलेल्या पेटीकडे, आणि मग माझ्याकडे. मी भिंतीकडे पाहत होते. तिथे एक तक्ता लावला होता, इंग्रजीत, तो मी वाचत होते.

डॉक्टरांनी कागद ओढला. "तीन महीने," म्हणाले, आणि वर न पाहता सही केली.

बाहेर आवारात निंबाचं झाड होतं. आम्ही त्याच्या सावलीत आलो. शिदोरी आम्हा तिघांची होती, भाकरी, वांग्याची भाजी आणि तिळाची चटणी. दशरथ गाठ सोडून वाटे करायला वाकला, तेवढ्यात सीताबाईने त्याच्या हातून फडकं ओढून घेतलं, मांडी घातली आणि जेवायला सुरुवात केली. आम्हाला विचारलं नाही, आमच्याकडे पाहिलंही नाही. पहिली भाकरी गेली, दुसरी गेली. दशरथ उभाच होता.

मी म्हटलं, "अवो, आणि उपास?"

तिने तिसरी भाकरी मोडली.

"सुटला," ती म्हणाली.